स्टेनोची वही: फिरतीवर गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी एक रिव्ह्यू

पंचेचाळीस रुपयांच्या वहीवर एवढं मोठं लिहायचं काय असं वाटेल, पण गेली तीन वर्षं मी हीच वही वापरतेय आणि या तीन वर्षांत माझ्या पाच कथा पूर्ण झाल्यात. त्याआधीच्या चार वर्षांत एक झाली होती. नोकरी तीच, फिरती तीच, घर तेच, बदलली ती वही आणि ती वापरायची पद्धत, म्हणून जे माझ्यासारखे बॅग भरून फिरत असतात आणि सोबत एखादी अर्धी गोष्ट पण वागवत असतात त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

मी एका सीए फर्ममध्ये आहे, राहायला डोंबिवलीला. एप्रिल ते जुलै पतसंस्थांच्या ऑडिटसाठी महिन्यातले पंधरा-सोळा दिवस कोकणात असते, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, मधेच कधीतरी घाट चढून कोल्हापूर. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांच्या आत ऑडिट व्हायला लागतं, म्हणजे ३१ जुलै. आणि दिवाळी अंकांचे संपादक कथा मागतात तेही साधारण जुलै-ऑगस्टमध्येच. अंक वाचकाच्या हातात पडतो कंदील लागायच्या सुमाराला, पण तो लिहिला जातो भर पावसात. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथपासूनची ही परंपरा आहे आणि मला तिच्यात दरवर्षी एक तरी कथा द्यायची असते, हे मी मनापासून सांगतेय, माझं वर्ष त्या एका कथेभोवती फिरतं. म्हणजे माझ्या दोन्ही तारखा एकाच महिन्यात येतात आणि त्या महिन्यात मी घरी नसते.

फिरतीवर लिहायला वेळ मिळत नाही असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. वेळ ढिगाने असतो. गाडीत सहा-सात तास, एसटी स्टँडवर दीड तास, मॅनेजरसाहेब जेवायला घरी गेलेत म्हणून पाऊण तास. अडचण वेळेची नाही, धागा तुटण्याची आहे. दिवसभर सोनेतारणाची पाकिटं काढून बघायची, सील तपासायचं, पावतीवरचं वजन आणि रजिस्टरमधलं वजन जुळवायचं, मग संध्याकाळी लॉजवर आल्यावर डोक्यात नुसते ग्रॅम आणि मिलिग्रॅम फिरत असतात. आणि घरी अर्धी सोडून आलेली गोष्ट, ज्यात दोन बहिणी आईच्या माघारी तिची भांडी वाटून घेतायत, ती दुसऱ्याच कुणीतरी लिहायला घेतली होती असं वाटायला लागतं. तीन दिवस हात लागला नाही की पात्रं परकी होतात. चौथ्या दिवशी उघडलं तरी आधी पहिल्यापासून वाचावं लागतं, वाचता वाचता जुनंच दुरुस्त करत बसते आणि एकही नवी ओळ न होता डोळे मिटायला लागतात. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

यावर मी बरेच उपाय करून पाहिले. लॅपटॉप तर ऑफिसचा, त्यात क्लायंटचा डेटा, त्यावर स्वतःचं काही ठेवायचं नाही हा माझाच नियम आहे आणि तो बरोबर आहे. मग फोनवर एक लिहायचं अ‍ॅप घेतलं, चांगलं दिसायचं, पण एकदा राजापूरच्या पुढे नेटवर्क येत-जात होतं तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, रात्री उघडलं तर जुनाच मसुदा समोर, दोन तासांचं लिखाण गायब. मी त्या रात्री जेवले नाही. शब्द गेले याचं दुःख होतंच पण त्यातला एक संवाद फार चांगला उतरला होता आणि तो परत तसा आलाच नाही, आजपर्यंत नाही. नंतर बोलून टाईप करायचा प्रयत्न केला. घरी एकटी असेन तेव्हा ते बरं आहे, पण गाडीत आठ माणसांच्या मधे बसून 'थोरली म्हणाली आईचं पातेलं मला हवं' असं फोनला सांगणं मला जमत नाही, आणि कुजबुजत बोललं की भलतंच उमटतं. मग एका वाढदिवसाला छान चामड्याच्या कव्हरची जाड वही मिळाली. ती इतकी सुंदर होती की तिच्यात खाडाखोड करायला हात धजेना, आणि दुसरं म्हणजे ती पुस्तकासारखी आडवी उघडायची, म्हणजे डावं पान शेजारच्याच्या मांडीवर.

आता मुद्द्याची वही. शॉर्टहँड नोटबुक, स्टेनो लोक वापरतात ती. अरुंद असते, वरच्या बाजूला स्पायरल, पान वर उलटायचं, पाठीमागे जाड पुठ्ठा. माझी मावशी मंत्रालयात मराठी लघुलेखक होती, मिनिटाला शंभर शब्दांच्या स्पीडने डिक्टेशन घ्यायची, तिच्या घरी या वह्यांचे गठ्ठे असायचे आणि लहानपणी आम्ही उरलेल्या पानांवर फुली-गोळा खेळायचो. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे बसून वरचं सगळं रडगाणं गात होते, तेव्हा ती म्हणाली, अगं पण ही वही साहेबांच्या केबिनमध्ये मांडीवर ठेवून लिहायलाच केलीय, टेबल नसतं म्हणून तर हा पुठ्ठा असतो. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आम्ही त्या वहीला नेहमी टेबलावरच पाहिलेलं.

अजून एक गोष्ट तिने दाखवली आणि खरं तर या रिव्ह्यूचा जीव त्यात आहे. स्टेनो लोक या वहीत पानाच्या एकाच बाजूवर लिहीत शेवटपर्यंत जातात आणि वही संपली की ती फिरवून मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत परत येतात. का, तर डिक्टेशन चालू असताना पान फक्त वर टाकायचं, हात थांबत नाही. मी त्यात माझा बदल केला. मी दोन्ही बाजू एकदमच चालू ठेवते. जाताना लागणाऱ्या बाजूवर फक्त गोष्ट. वही फिरवली की मागच्या बाजूवर फक्त प्रवास, म्हणजे ऐकलेलं, पाहिलेलं, वास, दुकानाच्या पाट्या, कोण कसं बोललं ते. घरात आम्ही याला अप आणि डाऊन म्हणतो. अपला गोष्ट, डाऊनला रस्ता. एकात दुसरं घुसू द्यायचं नाही.

आणि निघायच्या आदल्या रात्री एक काम करायचंच करायचं, घरच्या मसुद्यातला शेवटचा परिच्छेद स्वतःच्या हाताने अपच्या पहिल्या पानावर उतरवून काढायचा. टाईप नाही, फोटो नाही, हाताने. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण त्यामुळे ती वाक्यं हातातून गेलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी गाडीत वही उघडली की पहिल्यापासून वाचायची गरज पडत नाही, पुढचं वाक्य आपोआप सुचतं. माझ्या बाबतीत तरी धागा टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पूर्वी मी रोज पाचशे शब्दांचं टार्गेट ठेवायचे आणि दुसऱ्याच दिवशी ते मोडायचं, मग अपराधी वाटायचं, मग तिसऱ्या दिवशी वहीकडे बघायचं पण नाही. आता अपला रोज चार ओळी. सोनेतारण असो, पाऊस असो, ताप असो, चार ओळी. जास्त झाल्या तर झाल्या.

वहीची खरी परीक्षा गाडीत होते. मी शक्यतो मांडवी एक्सप्रेसने जाते, ठाण्याला सकाळी आठच्या सुमाराला मिळते, दिवसाची गाडी असल्यामुळे लिहायला उजेड असतो आणि खायला काही ना काही सतत येत असतं. साइड लोअर मिळाली तर सोनंच. गुडघे जवळ घेऊन वही मांडीवर उभी ठेवली की कुणाला कोपर लागत नाही, पान वर जातं, बाजूला जात नाही. शेजारच्याला तुम्ही काय लिहिताय ते दिसतही नाही, बहुतेकांना हिशोब लिहितेय असंच वाटतं, आणि ते मला बरं पडतं.

गाडी हलते तेव्हा अक्षर वाकडं येतं, त्याला इलाज नाही. पण वीर स्टेशनच्या पुढे बराचसा मार्ग सिंगल लाइन आहे, त्यामुळे क्रॉसिंगला, म्हणजे समोरून येणारी गाडी जाऊ द्यायला, गाडी मधल्या स्टेशनांवर उभी राहते, कधी पाच मिनिटं, कधी वीस. माझ्या वहीचं एखादं पान हातात घेतलंत तर तुम्हाला लगेच ओळखता येईल, सहा-सात ओळी डोंगरासारख्या वर-खाली, मग एकदम तीन ओळी शाळेतल्या शुद्धलेखनासारख्या सरळ. त्या सरळ ओळी म्हणजे क्रॉसिंग. लोक खाली उतरून पाय मोकळे करत असतात, कुणी वैतागून घड्याळ बघत असतं, आणि मला त्या वेळात फार सुंदर शांतता मिळते, फक्त पंखे आणि बाहेर पाऊस. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, गाड्या हळू चालवतात, बाकीच्यांना त्याचा त्रास होतो हे मला मान्य आहे, पण माझ्या कथा त्या उशिरातच लिहून झाल्यात.

आणि बोगदे. उक्षी स्टेशन सोडलं की भोके स्टेशनच्या आधी करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. आत शिरलं की नेटवर्क जातं. डब्यातली सगळी माणसं एकदम फोनवरून मान वर करतात, क्षणभर इकडेतिकडे बघतात आणि मग बोलायला लागतात. दरवेळी हे होतं, मी तीन वर्षं बघतेय. मागच्या जूनमध्ये माझ्या समोरच्या बर्थवर एक साठीच्या बाई आणि त्यांचे यजमान बसले होते, पनवेलपासून दोघांत एक शब्द नाही, ते सारखे फोनवर, जमिनीचं काहीतरी चाललं होतं. बोगदा सुरू झाला, त्यांचा फोन कट झाला, आणि बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आता कोणाचो फोन येवचो नाय, आता सांगा काय ता."

मी लगेच वही फिरवली आणि डाऊनला ते जसंच्या तसं लिहिलं. पुढे ते काय बोलले ते मी लिहिलं नाही, तो त्यांचा खासगी मामला आहे, मी खिडकीकडे तोंड केलं. पण ते एक वाक्य महिनाभर माझ्या डाऊनच्या बाजूवर पडून होतं आणि अपच्या बाजूला माझ्या दोन बहिणी भांड्यांपाशी अडकून पडल्या होत्या, थोरलीला काहीतरी विचारायचंय एवढं मला माहीत होतं पण ती कशी विचारेल ते सुचत नव्हतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कणकवलीच्या लॉजवर मी पान वर टाकलं आणि कागद पातळ असल्यामुळे मागच्या बाजूचं ते वाक्य उलटं होऊन पुसटसं दिसलं. त्या रात्री थोरलीने धाकटीचा फोन उचलून पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. पुढची तीन पानं मी न थांबता लिहिली. मालवणी वाक्य कथेत नाहीये, ती माणसंही नाहीत, पण ती कथा त्या बोगद्यातूनच बाहेर आली. कुठल्याही अ‍ॅपमध्ये दोन फोल्डर करून हे झालं असतं असं मला वाटत नाही, कारण तिथे एकाचं दुसऱ्यातून दिसत नाही.

एसटीत मात्र ही वही चालत नाही, म्हणजे कुठलीच चालत नाही. सरळ रस्त्यावर एखादी ओळ निघते, घाटात विसरा. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात मी एकदा हट्टाने लिहायला बसले आणि मळमळून खिडकी उघडावी लागली. आता घाटात मी एकच वाक्य मनात धरते आणि तेच घोळवत राहते, एक शब्द बदलून, मग दुसरा बदलून, वळणं संपून आंब्याला वर पोचलो की वही काढून उतरवते. घाट चढेपर्यंत त्या वाक्यातला नको असलेला सगळा भाग गळून गेलेला असतो. उलट येताना साखरप्याला थांबा असतो तिथे.

पेनचं सांगायचं राहिलं. जेल पेन या वहीत नको, पावसाळी हवेत कागद ओलसर असतो, शाई पसरते आणि मागच्या बाजूला उमटते. शाईपेनचं तर नावच नको. मी एचबी पेन्सिल वापरते, वहीवर पाणी पडलं तरी अक्षर धुऊन जात नाही. फक्त पेन्सिलीची पानं एकमेकांवर घासून काळपट होतात, तीन-चार महिन्यांनी वाचायला त्रास होतो, त्यामुळे घरी आल्यावर लवकर टाईप करून घ्यावं लागतं. मी रविवारी सकाळी करते. बऱ्याच शब्दांचं अक्षर लागत नाही आणि तिथे मी नवीन शब्द टाकते, अशा ठिकाणी बहुतेक वेळा नवा शब्दच चांगला असतो, म्हणून टाईप करण्याला मी दुसरा खर्डाच धरते.

आता वहीतले दोष, कारण आहेतच. कागद खरंच पातळ आहे, पेन्सिलीला ठीक, बाकी कशालाही कमी. स्पायरलचं टोक सुटं असतं, ओढणीत अडकतं, माझ्या एका चांगल्या ओढणीचा धागा निघालाय, त्यामुळे आणल्या आणल्या ते टोक पक्कडीने आत वळवून घ्या. जूननंतर मागचा पुठ्ठा हळूहळू मऊ पडतो आणि ऑगस्टपर्यंत मांडीवर वाकायला लागतो, मी आतून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवते. पावसापासून वाचवायला दुधाची लिटरची पिशवी धुऊन, वाळवून त्यात वही घालते, बरोबर बसते, वेगळं कव्हर विकत घ्यायची गरज नाही. आणि सगळ्यात मोठा दोष, वही हरवली तर सगळंच गेलं. म्हणून रोज रात्री झोपताना त्या दिवसाच्या पानांचे फोनवर फोटो काढायचे, दोन्ही बाजूंचे, आणि स्वतःलाच पाठवून ठेवायचे. ते दोन तासांचं लिखाण गेल्यापासून मी यात एकदाही चुकलेली नाही.

कुणाला ही वही चालणार नाही तेही सांगते. जे मोठी कादंबरी लिहितायत आणि ज्यांना मागची प्रकरणं सतत उघडून बघावी लागतात त्यांना हे अपुरं पडेल. कविता लिहिणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला अरुंद पान अजिबात आवडलं नाही, तिच्या ओळी लांब असतात, मधेच मोडाव्या लागतात म्हणाली, तिचं बरोबर आहे. आणि जे वर्षातून एकदा फिरायला जातात त्यांनी तर खुशाल वही घरी ठेवावी आणि समुद्र बघावा. ही ज्यांना पोटासाठी फिरावं लागतं आणि तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही त्यांची वही आहे.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. वरती स्पायरल असलेलीच घ्या, नुसत्या गमने चिकटवलेल्या पण मिळतात आणि त्या थोड्या स्वस्त असतात, पण दमट हवेत गम सुटतो, माझी कुडाळला पानं सुटून सगळी क्रमाबाहेर गेली होती आणि अप-डाऊन ओळखायला अख्खी संध्याकाळ गेली. आणि पुठ्ठा हाताने वाकवून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. मोठ्या चकचकीत स्टेशनरीच्या दुकानांत ही बहुतेक ठेवत नाहीत. कोर्टाच्या, तहसील कचेरीच्या नाहीतर टायपिंग क्लासच्या आसपासची जी जुनी दुकानं असतात तिथे हमखास मिळते, पण समोर मांडलेली नसते, मागच्या फळीवर असते. शॉर्टहँड नोटबुक म्हणालात तर पोरगं गोंधळतं, स्टेनोची वही म्हणा, आतून काका काढून देतात.